कबड्डीच्या कोचनी संघटना काढली, तर त्यातला पैसा कुणाचा? ‘ना नफा’ या शब्दामागचा हिशेब

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचं गाव आहे. बहुतेकांनी हे नाव शाळेत एका ओळीपुरतं वाचलेलं असतं, कारण ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म इथं झाला.

याच विनोबांच्या आग्रहामुळे पुढे एका मोठ्या संस्थेने पैशाबद्दल असा निर्णय घेतला की आजचा कोणताही खजिनदार ऐकून घाबरेल. भूदान चळवळ जोरात होती. कार्यकर्त्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात गांधी स्मारक निधीतून भागत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूतल्या पळणी इथं सर्व सेवा संघाची बैठक झाली आणि ठरलं की हा मध्यवर्ती निधी यापुढे घ्यायचा नाही, भूदान समित्याही विसर्जित करायच्या. याला नाव मिळालं निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती. संस्थेकडे पैसा साचला की ती लोकांपासून तुटते, हा त्यामागचा विचार.

आता याच पेण-रोहा पट्ट्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी चक्कर मारा. कबड्डीचं मैदान दिसेल, मातीत घाम गाळणारी पोरं दिसतील आणि कडेला शिट्टी घेऊन उभे असलेले ‘सर’ दिसतील. हे सर दिवसा कुठे तरी नोकरी करतात, नाही तर शेती किंवा रिक्षा सांभाळतात. शिकवण्याचे पैसे त्यांना एक तर मिळत नाहीत, नाही तर स्पर्धा जिंकल्यावर मंडळ शाल, नारळ आणि पाकीट देतं तेवढेच. म्हणजे हे सर आधीपासूनच निधिमुक्त आहेत, फक्त स्वखुशीने नाहीत.

गुडघा गेला तर औषधाचा खर्च स्वतःचा. नवे नियम शिकायला शिबिराला जायचं तर एसटीचं तिकीट स्वतःचं. म्हणून कधी ना कधी चहाच्या टपरीवर विषय निघतोच की आपण कोच लोकांनी मिळून एक संघटना काढूया, वर्गणी गोळा करूया, अडीअडचणीला उपयोगी पडेल.

कल्पना चांगलीच आहे. पण ‘ना नफा’ संघटना काढल्यावर त्यातला पैसा नेमका कुणाचा होतो, हे बऱ्याच जणांना संघटना मोडायची वेळ आल्यावरच कळतं.

‘ना नफा’ म्हणजे पैसा उरू नये असं नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. वर्षअखेर खात्यात शिल्लक राहिली म्हणजे संस्थेने काही तरी चुकीचं केलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ना नफा संस्थेला शिल्लक ठेवता येते, मुदत ठेव करता येते, कायमस्वरूपी निधीही उभारता येतो. करता येत नाही ती एकच गोष्ट, ती शिल्लक सभासदांत वाटून घेणं. दुकानाच्या भागीदारीत नफा वाटतात, इथं तो संस्थेच्या उद्देशाकडेच परत जायला हवा.

त्यामुळे दहा वर्षं वर्गणी भरलेल्या कोचला राजीनामा देताना ‘माझा वाटा द्या’ म्हणता येत नाही. भिशी वेगळी आणि संस्था वेगळी.

नोंदणी कुठे?

महाराष्ट्रात नेहमीचा रस्ता ठरलेला आहे. किमान सात जण एकत्र येतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवतात आणि उद्देश सार्वजनिक असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही नोंदणी होते. हा आधी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणून ओळखला जायचा, अजूनही जुने कारकून तेच नाव घेतात. रायगडकरांसाठी याचं कार्यालय अलिबागला. दुसरा रस्ता कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालच्या ना नफा कंपनीचा. तो जास्त खर्चिक आणि कागदपत्रांच्या बाबतीत जास्त कडक.

खेळाडूंच्या बाबतीत हा दुसरा रस्ता देशाने पाहिलेला आहे. लोढा समितीने क्रिकेटच्या कारभारात सुधारणा सुचवताना खेळाडूंची स्वतंत्र संघटना असावी असं म्हटलं होतं. त्यातून जुलै २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही माजी क्रिकेटपटूंची संघटना कलम ८ ची कंपनी म्हणून उभी राहिली. लोढा समितीने हेही सुचवलं होतं की या संघटनेला पैसा बीसीसीआयने द्यावा.

इथं थोडं थांबायला हवं. ज्या मंडळाकडे आपल्या मागण्या मांडायच्या, त्याच मंडळाच्या पैशावर संघटना चालणार. क्रिकेटमध्ये पैसा इतका आहे की कदाचित हे निभावून जातं. पण जिल्हा पातळीवरच्या कोचसंघटनेचं भाडं जिल्ह्याची क्रीडा संघटना भरणार असेल, तर ‘आमच्या कोचना मानधन द्या’ हे पत्र किती कडक भाषेत लिहिलं जाईल, याचा अंदाज कुणीही करू शकतो. म्हणून सभासद वर्गणी कितीही किरकोळ असली तरी ती महत्त्वाची असते. तो एकच पैसा असा आहे की ज्यासाठी कुणापुढे मान झुकवावी लागत नाही.

खरा पेच: भलं कुणाचं करताय?

समजा, जिल्ह्यातल्या कोचनी संघटना काढली आणि घटनेत दोन उद्देश लिहिले. पहिला, ग्रामीण भागात कबड्डीचा प्रसार करणं आणि नव्या कोचना प्रशिक्षण देणं. दुसरा, सभासद कोचना आजारपणात मदत करणं, त्यांच्यासाठी विमा उतरवणं, मानधनासाठी पाठपुरावा करणं.

वाचायला दोन्ही एकाच माळेतले वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांच्यात मोठं अंतर आहे.

पहिला उद्देश सर्वांसाठी आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ सप्टेंबर १९८४ च्या परिपत्रकात खेळांचा प्रसार हा धर्मादाय हेतू मानला आहे. दुसरा उद्देश सभासदांपुरता आहे. आपण पैसे घालायचे आणि आपल्यालाच मदत मिळवायची, ही परस्पर साहाय्याची व्यवस्था झाली. त्यात वाईट काहीच नाही, पण तिला धर्मादाय म्हणता येत नाही. मग आयकरातली सूट, देणगीदाराला मिळणारी कलम ८० जी ची सवलत, कंपन्यांचा सीएसआर निधी हे सगळं अडचणीत येतं.

अमेरिकेत हा फरक कायद्याच्या कलमांतच दिसतो. तिथं फुटबॉल कोचची संघटना १९२२ सालची आणि बास्केटबॉल कोचची १९२७ सालची, म्हणजे ही कल्पना शंभरीच्या घरातली आहे. तिथल्या कायद्यात धर्मादाय संस्थांसाठी ५०१ (सी) (३) हा वर्ग आहे, तर एखाद्या व्यवसायातल्या लोकांच्या सामाईक हिताच्या संघटनांसाठी ५०१ (सी) (६) हा वेगळा. दोघांनाही आयकरात सूट असते, पण धर्मादाय देणगीची वजावट फक्त पहिल्या वर्गाला दिलेल्या पैशावर मिळते. शिवाय तिथल्या संस्था भरतात तो फॉर्म ९९० कुणालाही पाहता येतो, अगदी सर्वोच्च पदावरच्या माणसाचा पगारसुद्धा.

आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्यात व्यावसायिक संघटनांसाठी कलम १० (२३ए) होतं. त्यात वकिली, वैद्यक, लेखापाल, अभियांत्रिकी, वास्तुरचना या व्यवसायांची नावं घेतलेली होती. खेळाचे कोच त्या यादीत नव्हते. क्रीडा संघटनांसाठी वेगळं कलम १० (२३) होतं, तेही २००२ च्या वित्त कायद्याने गेलं. त्यामुळे कोचसंघटनेला सूट हवी असेल तर ‘धर्मादाय’ हेच दार उरतं.

या दाराचीही एक गंमत आहे. शिक्षण देणाऱ्या संस्थांना कायदा जास्त मोकळीक देतो. कोच तयार करणं हे शिक्षणच की, असं कुणीही म्हणेल. पण सुप्रीम कोर्टाने १९७५ च्या लोकशिक्षण ट्रस्टच्या खटल्यापासून शिक्षणाचा अर्थ पद्धतशीर शालेय स्वरूपाचं शिक्षण असाच लावला आहे आणि २०२२ मध्ये तो आणखी घट्ट केला. योगाचं नाव मात्र २०१५ च्या वित्त कायद्याने धर्मादाय हेतूच्या व्याख्येत स्वतंत्रपणे टाकलं. म्हणजे प्राणायाम शिकवणारी संस्था व्याख्येत नावानिशी आहे आणि हुतूतूचा दम शिकवणारी संस्था ‘सर्वसाधारण लोकोपयोगी कामं’ या शेवटच्या डब्यात. आणि त्या डब्याला एक अट आहे.

२० टक्क्यांची रेघ

या शेवटच्या डब्यातल्या संस्थेने व्यापारी स्वरूपाचं काम केलं, तर ते मूळ उद्देशाशी जोडलेलं असायला हवं आणि त्यातून आलेली रक्कम त्या वर्षीच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत असायला हवी. रेघ ओलांडली की त्या वर्षाची सूट गेली.

एक काल्पनिक हिशेब मांडून बघू. जिल्ह्यातले ३०० कोच, प्रत्येकी वार्षिक वर्गणी ५०० रुपये, म्हणजे १ लाख ५० हजार. प्रशिक्षण शिबिरांची फी ३ लाख. देणग्या २ लाख ५० हजार. आणि एका स्पर्धेत जर्सी विकून, मैदानाच्या कडेचे जाहिरात फलक देऊन मिळालेले २ लाख. एकूण जमा ९ लाख. याचे २० टक्के होतात १ लाख ८० हजार. जर्सी आणि फलकांची कमाई त्याच्यापेक्षा २० हजारांनी जास्त. संस्था चांगली चाललीये म्हणून सगळे खूश असतात आणि नेमकी तीच चांगली चाललेली स्पर्धा कागदावर घात करते.

मग शिबिराच्या ३ लाखांचं काय, तेही व्यापारी नाहीत का? याचं उत्तर १९ ऑक्टोबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात सापडतं. अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात कोर्टाने म्हटलं की खर्चाएवढी किंवा खर्चावर नाममात्र वाढ लावून घेतलेली फी व्यापार ठरत नाही, पण खर्चापेक्षा बरीच जास्त घेतली तर ठरते. म्हणून शिबिराला हॉलचं भाडं किती, जेवण किती, तज्ज्ञांचं मानधन किती, याच्या पावत्या जपून ठेवणं हाच संस्थेचा बचाव. याच निकालात राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणंही होती. त्यांच्या कमाईचं स्वरूप पुन्हा तपासा, असं सांगून कोर्टाने ती आयकर अधिकाऱ्यांकडे परत पाठवली. कोट्यवधींच्या क्रिकेटला आणि गावच्या कबड्डीला लागू होणारी रेघ एकच आहे.

दुसरी अट खर्चाची. सूट हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशासाठी वापरायचे, १५ टक्के सहज बाजूला ठेवता येतात. आपल्या ९ लाखांच्या उदाहरणात ७ लाख ६५ हजार वापरायचे आणि १ लाख ३५ हजार राखून ठेवायचे. मॅट घ्यायचं आहे, हॉल बांधायचा आहे, म्हणून जास्त साठवायचं असेल तर तसा ठराव करून, वेळेत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येतं. ‘पुढे कधी तरी लागेल’ हे कारण चालत नाही, कशासाठी ते लिहून द्यावं लागतं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा आयकर कायदा घेतो. कलमांचे आकडे बदलतात, पण चौकट साधारण हीच राहते. एक दिलासा त्याआधीच मिळाला आहे. आयकरातली नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागायची, ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी ती मुदत दहा वर्षांची झाली.

अध्यक्षच कोच असेल तर?

इतर संस्थांत हा प्रश्न क्वचित येतो, कोचसंघटनेत पहिल्याच दिवशी येतो. कारण चालवणारेही कोच आणि शिबिरात शिकवणारेही तेच. अध्यक्षांनी तीन दिवस शिकवलं आणि मानधन घेतलं, तर ते योग्य का?

कायदा सरसकट नाही म्हणत नाही. संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांना केलेल्या कामाचा वाजवी मोबदला देता येतो. बाहेरच्या कोचला दिवसाला जेवढे देता त्याच्या आसपासच अध्यक्षांना द्या, ठराव करताना स्वतः अध्यक्षांनी बाजूला बसा आणि ते इतिवृत्तात लिहा. हेच अवास्तव झालं, किंवा किट अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या दुकानातून दीडपट भावाने आलं, तर संस्थेची सूट धोक्यात येते. कायद्याचं सोडा, मैदानावर तर ही बातमी दुसऱ्या दिवशी पोचतेच.

देणग्यांमध्येही असाच एक खड्डा आहे. रोख दिलेल्या २ हजारांहून जास्त देणगीवर देणगीदाराला ८० जी ची वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तर ती तशीही नाही. नाव न सांगता पेटीत टाकलेलं ‘गुप्तदान’ ऐकायला पुण्याचं वाटतं, पण खेळाच्या संस्थेसाठी एका मर्यादेपलीकडच्या निनावी देणगीवर सरळ ३० टक्के कर आहे. त्यामुळे पावतीपुस्तकावर नाव, पत्ता हवाच.

मोठा पैसा हवा असेल तर नजर कंपन्यांकडे वळते. पेण तालुक्यातल्या डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना आहे, रोहा-नागोठणे भागात रसायनांचे कारखाने आहेत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरसाठी ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे लिहिलेलं आहे. पण तिथंही विचारलं जाणार ते हेच की प्रशिक्षण कुणाला, सगळ्यांना की फक्त तुमच्या सभासदांना? म्हणून काही जाणकार सल्ला देतात की दोन पेट्या ठेवा. खेळाच्या प्रसारासाठी धर्मादाय संस्था आणि सभासदांच्या मदतीसाठी वेगळी परस्पर साहाय्य व्यवस्था, वेगळ्या खात्यासकट. कटकटीचं आहे, पण एका पेटीतला हात दुसरीत गेला की दोन्ही बुडतात.

आणि पैसे ठेवायचे कुठे?

पेणमध्ये हा प्रश्न विचारला की लोक हसत नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि बोगस कर्जखात्यांचा शेकडो कोटींचा घोटाळा बाहेर आला. लोकांचे पैसे अडकले, मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली. लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेल्या रकमेची वाट बघत अनेकांची वर्षं गेली.

तेव्हा ठेवींवर विमा होता १ लाखाचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला. पण हा विमा एका बँकेत एका ठेवीदारामागे आहे आणि संस्था हा एकच ठेवीदार. तिच्या मागे ३०० सभासद असले म्हणून विमा ३०० पट होत नाही. विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ मध्ये तर ठेव कुठे ठेवायची ते लिहूनच ठेवलंय. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे आणि राज्य सरकारने त्यासाठी मान्यता दिलेली सहकारी बँक. ‘ओळखीचे संचालक आहेत, अर्धा टक्का जास्त देतायत’ हे त्या यादीत बसत नाही. आणि चुकीच्या जागी ठेवून पैसे बुडाले तर विश्वस्तांना वैयक्तिक जबाबदार धरलं जाऊ शकतं.

कागद कुठे अडतो?

दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, ते तपासून घ्यायचे आणि हिशेबपत्रकं धर्मादाय कार्यालयात सादर करायची. हितसंबंध असलेल्या माणसाला अर्ज करून, शुल्क भरून ती पाहता येतात. म्हणजे एखाद्या सभासद कोचला शंका आली तर तो खजिनदाराच्या दारात भांडण्याऐवजी अलिबागला अर्ज टाकू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

संस्था अडकतात ते बहुतेक वेळा घोटाळ्यामुळे नाही, तर बदल अर्जामुळे. नवी कार्यकारिणी निवडून आली की ९० दिवसांच्या आत तसा अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. निवडणूक होते, हार घातले जातात, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि अर्ज राहून जातो. चार-पाच वर्षांनी जुन्या खजिनदारांचं निधन होतं. नवे पदाधिकारी बँकेत सही बदलायला जातात, तर बँक परिशिष्ट १ चा ताजा उतारा मागते आणि त्यावर अजूनही जुनीच नावं असतात. खात्यात पैसे दिसत असतात, पण काढता येत नाहीत. मग आधी न दिलेले सगळे बदल अर्ज एकामागोमाग एक, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह दाखल करावे लागतात. तोवर एखाद्या सरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालेली मदत इतिवृत्तातच राहते.